दीड बोटाचं तोंड

सकाळच्या पहिल्या घासाला माझ्या डाव्या कानापुढं कट् असा आवाज व्हायचा. दुखायचं नाही, नुसता आवाज. माझी मुलगी प्राची लहान असताना गंमत म्हणून माझ्या गालाला कान लावून तो ऐकायची. तो आवाज घेऊन मी कित्येक वर्षं जेवले, हसले, भांडले. मग एका सकाळी भाकरीचा तुकडा तोंडात घालायला गेले आणि तोंड अर्ध्यातच थांबलं. जोर लावून पाहिलं तर कानापासून कपाळापर्यंत अशी कळ गेली की तवा चुलीवर तसाच ठेवून मी खाली बसले.

आवाज त्या दिवशी बंद झाला तो कायमचा. सगळे म्हणाले, बरं झालं. मलाही तसंच वाटलं.

माझं नाव रंजना. घाटंजीला आमच्या राहत्या घरातच माझी मेस आहे. बाहेरगावचे मास्तर, बदलून आलेले बँकेतले लोक दोन वेळ जेवायला येतात. माझे पती कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर असतात. घरात मी त्यांना प्राचीचे बाबा म्हणते, इथंही तसंच म्हणेन. प्राची आता बारावीला आहे.

जबड्याच्या सांध्याचं दुखणं घेऊन जे डॉक्टरांच्या दारात बसलेत, ऑपरेशन करावं की नाही या विचारात ज्यांची झोप उडाली आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी पूर्ण बरी झालेली नाही. बरं झाल्याची गोष्ट ऐकायची असेल त्यांनी इथंच थांबलं तरी मला वाईट वाटणार नाही.

सल्ले

तोंडाचं दुखणं म्हणजे दाताच्या डॉक्टरकडं जायचं, एवढंच मला ठाऊक. पहिल्या डॉक्टरांनी अक्कलदाढेवर बोट ठेवलं. तोंड उघडत नव्हतं, तरी ताणून ताणून ती काढली. दाढ गेली, दुखणं राहिलं, आणि तोंड आणखी आखडलं.

यवतमाळला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, कान एकदम साफ आहे. दुसऱ्या एकांनी शिरेचं दुखणं ठरवून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी मला उभ्या उभ्या झोप यायची. दोनदा फोडणी जळाली आणि मास्तर लोक न बोलता तसंच वरण खाऊन गेले. आणखी एका डॉक्टरांनी एक्स-रेचे फोटो उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "घरात काही टेन्शन आहे का?"

मी म्हटलं, "आता आहे."

ते हसले. मला हसता येत नव्हतं.

बुद्धविहारात गेले की बाया भोवती जमायच्या. कोणी तेल सांगायचं, कोणी शेक, कोणी म्हणायचं लसूण कुटून बांध. माझी मोठी जाऊ म्हणाली, "लय बोलतं ना तू, म्हनून झालं." सगळं मनापासून सांगत होत्या. मी सगळं करून पाहिलं. प्रत्येक नव्या उपायाच्या पहिल्या दिवशी थोडं कमी वाटायचं. दुसऱ्या दिवशी दुखणं पुन्हा जागेवर.

ज्यांना हे दुखणं नाही त्यांना ते समजावून सांगता येत नाही. रक्त नाही, सूज नाही, ताप नाही. माणूस उभं आहे, स्वयंपाक करतं आहे. पण बोललं की दुखतं, गप्प बसलं तरी दात आपोआप आवळले जातात आणि दुखतं. थंडीची हवा गालाला लागली की दुखतं. कुशीवर झोपता येत नाही. शिंक आली की आधी भीती वाटते.

नाव मिळालं तो दिवस

शेवटी कोणीतरी नागपूरचे जबड्याचे सर्जन सुचवले. त्यांनी दोन्ही कानांपुढं बोटं ठेवून मला तोंड उघडायला सांगितलं. मग म्हणाले, "आपली बोटं उभी घालून पाहा. किती जातात?"

साध्या माणसाची तीन जातात. प्राचीच्या बाबांनी लगेच आपली घालून पाहिली. माझी दीड गेली.

मोठी तपासणी झाली. ती पाहून त्यांनी सांगितलं की सांध्यातली गादी सरकून अडकून बसली आहे आणि हाडही झिजायला लागलं आहे. रात्री दातांवर घालायची पट्टी दिली, व्यायाम दिले. काही महिने पाहू, नाही फरक पडला तर सांधा उघडून ऑपरेशन करावं लागेल, असं म्हणाले.

हे ऐकून मला रडू फुटलं, ते आनंदानं. माझ्या दुखण्याला नाव होतं. ते माझ्या डोक्यातलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये प्राचीच्या बाबांनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. "सापडलं! जबड्याची गादी सरकली हाये. ऑपरेशन झालं का खतम!"

पट्टीनं फरक पडला नाही. व्यायामानं पडला नाही. पण त्याचं आम्हाला फार वाईट वाटलं नाही, कारण ऑपरेशन होतं ना. आमच्या घरात प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायला लागलं. ऑपरेशन झालं की प्राचीला घेऊन फिरायला जाऊ. ऑपरेशन झालं की मटण करू. सर्जन मात्र म्हणाले होते, "घाई करू नका. विचार करा, आणखी कोणाचं मत घ्या, मग या." ते मी तेव्हा नीट ऐकलं नव्हतं.

घरातलं

मी दिवसाला ढीगभर भाकरी थापते आणि त्यातली एकही खाऊ शकत नाही. वांग्याच्या भाजीचा रस्सा, त्यात कुस्करलेला भात, केळं, ताक. शेंगदाण्याची चटणी मी चव न घेता अंदाजानं करते. लग्नाला जाणं बंद केलं. पंगतीत बसून भात चिवडत बसायचं आणि दहा जणींना तेच ते सांगायचं, त्यापेक्षा घर बरं.

एकदा बाजाराच्या दिवशी प्राचीनं भाजलेली कणसं आणली. मी आतल्या खोलीतून आले तेव्हा ती आणि तिचे बाबा कणीस खात होते. मला पाहिल्याबरोबर दोघांचं चावणं थांबलं. प्राचीनं कणीस ओढणीखाली घेतलं. त्यानंतर घरात कुरकुरीत असं काही आलेलं मी पाहिलं नाही. लेकरू बाहेर मैत्रिणींकडं खाऊन येत होतं. मला समजत होतं आणि मी तिला खा म्हणू शकत नव्हते, कारण तो आवाज मला खरंच सहन होत नव्हता.

प्राचीचे बाबा आधी रोज विचारायचे, कसं आहे. मग दोन दिवसाआड विचारायला लागले. मग नुसतं पाहायचे. मलाही तेच उत्तर द्यायची लाज वाटायची.

एका दुपारी जेवणारे उठून गेले. मी मोरीपाशी बसले होते. समोर खरकटी ताटं आणि हात हलेना. जिनिंगचा हंगाम संपला होता, म्हणून हे घरीच होते.

"काय झालं?"

"काही नाही."

"दुखून राह्यलं का?"

"रोजच दुखते."

"मंग गोळी घे ना."

मी म्हटलं, "प्राचीचे बाबा, मले आता जगू नये वाटते."

ते एकदम चिडले. "काहून असं बोलतं? पोरगी हाये घरात." मग ते माझ्या शेजारी खाली बसले, बाह्या वर केल्या आणि ताटं घासायला लागले. त्यांना ते जमत नव्हतं, तेलाचा थर तसाच राहत होता. मी नुसती पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी ते मला यवतमाळला मनाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. वाटेत मी भांडले. म्हटलं, म्हणजे तुम्हालाही हे डोक्यातलंच वाटतं. त्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दुखणं खरं आहे. आणि दुखून दुखून मन थकलं आहे, तेही खरं आहे. औषध दोन्हीचं घ्यावं लागेल." मी ते औषध अजून घेते. तुमच्यापैकी कोणाच्या मनात तसं येत असेल तर घरात एकाला तरी बोला. समोरचा आधी चिडेल. तरी बोला.

राजूर

आमच्या मेसमधले एक मास्तर वणीकडचे. त्यांनीच सांगितलं की राजूरला त्यांच्या ओळखीच्या शकुनबाई नावाच्या एका बाईंचं असंच ऑपरेशन झालं आहे. नंबर दिला. मी फोन केला. पलीकडून आवाज आला, "फोनवर काय सांगू बाई? ये ना घरी. मानूस समोर असलं का बरं असते."

मी आणि प्राचीचे बाबा निघालो. पांढरकवड्याला बस बदलली, वणीला बदलली, तिथून ऑटो. प्रत्येक खड्ड्याला मी पदरानं जबडा धरून बसायची. कोळशाचे ट्रक ऑटोला घासून जात होते. शकुनबाईंच्या घरी धुणं आतल्या खोलीत वाळत घातलेलं होतं, बाहेर घातलं की काळं होतं म्हणून. बाई पन्नाशीच्या पुढच्या. त्यांचे यजमान खाणीतून रिटायर झालेले, अंगणात बाजेवर बसून खोकत होते. जयभीम घातला, पाणी प्यायलो, आणि त्या एकदम ताटं वाढायला लागल्या.

"पयले खाय. मंग इचार," त्या म्हणाल्या.

मी दचकले. परक्या घरी जेवायचं म्हणजे पुन्हा सगळी कहाणी सांगायची. पण त्यांनी दोघा पुरुषांपुढं भाकर आणि भाजी ठेवली, आणि आमच्या दोघींपुढं दोन-दोन वाट्या. एकीत मऊ गुरगुट्या भात, एकीत बेसनाचं पातळ आळण. सोबत लहान लेकराला भरवतात तो चपटा चमचा. मी काय खाते ते त्यांना सांगितलं नव्हतं. चमचा तोंडात घालताना मी जसा तिरका करते, तसाच त्याही करत होत्या. मी जेवता जेवता रडले. त्यांनी थांबवलं नाही, विचारलं नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी कानापुढची बारीक रेघ दाखवली. मग भुवया वर केल्या. उजवी गेली, डावी जागची हलली नाही.

"हे पाय. डॉक्टर म्हने सहा महिन्यात येईन. नाही आली."

प्राचीचे बाबा म्हणाले, "लक्षात बी येत नाही काकू."

"मले आरशात येते ना बापू."

मी विचारलं, "दुखणं गेलं का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बाहेर पाहिलं. "बापू, तुमी जरा यायच्यासंग अंगनात बसा. त्यायले कोनी बोलाले नसते."

हे बाहेर गेले. शकुनबाई माझ्याजवळ सरकल्या.

"पयलं वर्ष चांगलं गेलं. मले वाटलं, सुटली मी. मंग हिवाळा आला अन् परत सुरू झालं. पयल्याइतकं नाही, पन हाये. आजबी हाये, तुह्यासंग बोलून राह्यली तवाबी हाये."

"काकांना माहीत आहे?"

"नाही. त्यायनं माह्यासाठी लय धावपळ केलती. दमा हाये त्यायले, तरी नागपूरच्या चकरा मारल्या. त्यायले वाटते बायको बरी झाली. असू दे."

"मग मी करू नको का?"

"नोको करू असं नाही म्हनत मी. तोंड मिटत चाललं असन तं कर. मले आता दात घासता येते, जांभई देता येते, घास जाते. पन दुखणं जाईन म्हनून करत असशीन, तं मले इचारू नोको. माह्याच्यानं हो म्हनवत नाही."

बाहेर काका माझ्या नवऱ्याला मोठ्या आवाजात सांगत होते, "आमची तं येकदम बरी झाली! तुमी भेऊ नका!"

परतीच्या बसमध्ये प्राचीचे बाबा खूश होते. "काकू बऱ्या दिसल्या ना? मी म्हनत होतो." मी खिडकीकडं तोंड करून बसले. एवढे महिने ज्या एका गोष्टीकडं पाहत मी दिवस ढकलत होते ती नाहीशी झाली होती, आणि शेजारी बसलेल्या माणसाला ते ठाऊक नव्हतं. इतकं एकटं मला आजारात कधीच वाटलं नव्हतं.

एक प्रश्न

पुढच्या वेळी नागपूरला मी सर्जनना आधी तपासूच दिलं नाही. विचारलं, "डॉक्टर, ऑपरेशननं माझं दुखणं जाईल का? खरं सांगा."

त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. म्हणाले, "तोंड उघडेल, असं मला वाटतं. दुखण्याचं मी सांगू शकत नाही. काहींचं कमी होतं, काहींचं तसंच राहतं. चेहऱ्याची शीर तिथूनच जाते, तिला धक्का लागू शकतो."

"मंग कायले कराचं साहेब?" प्राचीचे बाबा एकदम उभे राहिले.

डॉक्टरांनी त्यांना बसायला सांगितलं आणि मला तोंड उघडायला. या खेपेला एक बोट कसंबसं गेलं. ते म्हणाले, "यासाठी. सांधा आखडत चाललाय. पूर्ण मिटेपर्यंत थांबलो तर माझ्या हातातही फार काही राहणार नाही."

आम्ही बाहेर येऊन दवाखान्याच्या आवारातल्या ओट्यावर बसलो. प्राचीच्या बाबांनी दोन्ही हातात डोकं धरलं. लोक येत-जात होते. मी लग्नापासून या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं.

"म्या साऱ्यायले सांगून ठेवलं," ते म्हणाले, "ऑपरेशन झालं का रंजना बरी होते म्हनून. प्राचीले सांगतलं. आता काय सांगू?"

माझ्याकडं त्यांना द्यायला धीर नव्हता. मी म्हटलं, "तोंड उघडते असं सांगा."

"अन् दुखणं?"

"ते राहीन. पण मी तुमच्यापासून लपवणार नाही. तुमी इचारा, मी सांगन. तेवढं तुमाले ऐकावं लागन."

डोळे पुसत ते म्हणाले, "तू म्हनशीन तसं." मग आम्ही आत जाऊन तारीख घेतली. ती तारीख घेताना दोघांपैकी कोणालाच आनंद झाला नाही.

त्यानंतर

ऑपरेशनबद्दल थोडंच सांगते. आत नेताना मला मरणाची भीती वाटली नाही. डावी भुवई शेवटची म्हणून वर करून पाहिली, एवढं आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा अर्धा चेहरा माझा नसल्यासारखा होता. डावा डोळा मिटत नव्हता, नर्स त्यावर पट्टी लावून द्यायची. वॉर्डात समोरच्या खाटेवरची बाई जेवणाच्या वेळी भिंतीकडं तोंड करून जेवायची, मला दिसू नये म्हणून. तिचं नावही मी विचारलं नाही, याची चुटपुट लागून राहिली.

डोळा हळूहळू मिटायला लागला. भुवई अर्धी वर जाते. घरी आल्यावर व्यायाम होता तो आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा. काड्यांची थप्पी दातांमध्ये धरायची आणि मधून आणखी एक सरकवायची. प्रत्येक काडीला डोळ्यांतून पाणी येतं. प्राची समोर बसून काड्या देते. मी हात जोडले तरी ती थांबत नाही.

तोंड आता उघडतं. ब्रश आत जातो. मऊ केलेली भाकर दुधात कुस्करून खाते. आणि दुखतं. काही दिवस कमी, काही दिवस आधीपेक्षा जास्त. ठरल्याप्रमाणे प्राचीचे बाबा विचारतात आणि मी खरं सांगते. पण रोज तेच ऐकून माणूस थकतो. हल्ली कधी कधी माझं उत्तर पूर्ण व्हायच्या आत ते उठून बाहेर जातात. मी त्यांना दोष देत नाही. मलाही स्वतःपासून उठून जाता आलं असतं तर गेले असते.

परवा दुपारी शकुनबाईंचा फोन आला. त्या अशाच वेळी करतात.

"किती काड्या?"

"अकरा."

"चांगलं हाये. माह्या येवढ्या व्हायले लय दिवस लागलते."

"काका कुठं आहेत?"

"यायले पाठवलं चक्कीवर, दयन आनाले." मग त्या म्हणाल्या, "आज लय दुखून राह्यलं, रंजना."

मी म्हटलं, "माहंबी."

त्यांनी कोणता उपाय सांगितला नाही, मी धीर दिला नाही. त्यांच्याकडून ट्रक गेल्याचा आवाज आला. माझ्याकडं कुकरची शिट्टी झाली. बराच वेळ दोघींपैकी कोणीच फोन ठेवला नाही.